रंगीत ठिपक्यांचं पुस्तक

आमच्या वाडीत माझ्या डोळ्यांची काळजी सगळ्यांना होती. रस्त्यानं चाललो की कुणीही हटकायचं, "काय रे, डोळे बरे ना?" दुसऱ्या मुलांना अभ्यासाचं विचारायचे, मला डोळ्यांचं. आठवीत असताना मी हवाई दलात वैमानिक व्हायचं ठरवलं. विमान चालवायचं तर नजर पक्की लागते, एवढी एकच गोष्ट त्याबद्दल आमच्या घरात, शाळेत आणि शेजारीपाजारी ठाऊक होती. मग सगळ्यांनी मिळून तीच धरून ठेवली.

वडील मुंबईत नोकरीला होते आणि गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचे. त्यामुळे आई आणि मी रत्नागिरीजवळच्या तिच्या माहेरी, मामाकडे राहत होतो. घराच्या मागे सडा. काळ्या-तांबड्या कातळाचं ते मोकळं माळरान थेट समुद्राच्या कड्यापर्यंत जातं. (काळ्या-तांबड्या हे मी इतरांकडून ऐकून लिहितो आहे.) रत्नागिरीच्या विमानतळावरून उठलेलं तटरक्षकांचं छोटं विमान त्या सड्यावरून इतकं खाली जायचं की पोटावरची अक्षरं वाचता यायची. ती अक्षरं मी वाचतो आणि माझ्या बरोबरीच्या कुणालाही ती वाचता येत नाहीत, हे कळलं त्या दिवशी मी वैमानिक व्हायचं नक्की केलं.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. त्यांनी रत्नागिरीतल्या एका चष्म्याच्या दुकानातून अक्षरांचा तक्ता आणला, बंद पडलेल्या वर्गाच्या भिंतीवर चिकटवला आणि टेपनं सहा मीटर मोजून जमिनीवर खडूची रेघ मारली. दर शनिवारी शाळा सुटली की मी त्या रेघेवर उभा राहायचो. आधी डावा डोळा तळहातानं झाकून, मग उजवा. सर वहीत नोंद करायचे. पाच वर्षांत एकदाही शेवटची ओळ चुकली नाही.

आई चूल पेटवताना मला घराबाहेर काढायची, धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून. आठवड्यातून तीनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी. बारावी होईपर्यंत मोबाइल नाही. आडवं पडून पुस्तक वाचताना दिसलो तर मामा बाहेरूनच ओरडायचा, "भाचेबुवा, विमान आडवां पडून चालवतात काय?"

आता मामाबद्दल सांगायला हवं. मामाची हापूसची दीडशे कलमं आहेत, आणि अढी लावण्यात त्याचा हात धरणारा आमच्या बाजूला कुणी नाही. अढी म्हणजे आंबा पिकत घालायची जागा: अंधारी, उबदार खोली, खाली भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचे थर. मामाच्या घरातली पद्धत अशी, की अढीत काम पुरुषांनी करायचं. दार लोटून घ्यायचं, दिवा लावायचा नाही. मांडी घालून बसायचं, एकेक आंबा उचलायचा, देठाशी नाक न्यायचं, अंगठा हलकेच टेकवायचा आणि ठरवायचं, हा आजचा, हा परवाचा, हा अजून निजू दे. लहानपणी मी एकदा आंबा उचलून दाराच्या फटीतल्या उजेडात धरला, तेव्हा मामानं माझ्या मनगटावर चापट मारली होती.

"रंग बघू नको रे. रंग फसवतो. नाक कशाला दिलांय देवानं?"

पेट्या भरायचं काम मात्र बायकांचं. आई आणि मामी पडवीत उजेडात बसून पेटी भरायच्या, वरच्या थराला एका रंगाचे आंबे लावायच्या. पेटीला पुरुषानं हात लावायचा नाही, असं आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, वेळेपासून ठरलेलं; आजी आबांच्या मामाचीच मुलगी, तिच्या माहेरीही हीच रीत. का, ते कुणी विचारलं नव्हतं. मामा कधी चुकत नसे, त्यामुळे विचारायची वेळच आली नाही. इतर वाड्यांतले बागायतदार त्याला हाताला धरून आपल्या अढीत न्यायचे आणि तो डोळे मिटून आंबे निवडून दाखवायचा. मीही त्याच्याकडूनच शिकलो. त्या घरात अढीत बसायचा मान मिळालेला माझ्या पिढीतला मी एकटा.

पुढे रत्नागिरीला कॉलेजात गेलो. आमच्या दोन्ही घरांत मिळून पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत रोधांवर, म्हणजे रेझिस्टरवर, रंगीत पट्टे असतात, त्यांवरून त्यांची किंमत ओळखायची असते. मी पट्ट्यांकडे बघतच नसे, प्रत्येक रोध मीटरवर मोजून घ्यायचो. तिथले सर म्हणायचे, हा मुलगा काटेकोर आहे. रसायनशास्त्रात द्रावण गुलाबी झालं की थांबायचं असे. ते मला नेहमी उशिरा कळायचं, म्हणून माझा जोडीदार बघायचा आणि मी आकडेमोड करायचो. आम्हा दोघांना ती वाटणी सोयीची होती. आज मी देवरूखला अकरावी-बारावीच्या मुलांना हेच विषय शिकवतो आणि या गोष्टी आठवल्या की नवल वाटतं. सगळं समोर होतं. मी प्रत्येक वेळी त्याला दुसरं काहीतरी, चांगलं नाव दिलं होतं.

पदवीनंतर लेखी परीक्षा दिली, पास झालो. मग मुलाखतीचे पाच दिवस, त्यातही निवडलो गेलो. नेमणूक ठरावीक मुदतीची असणार होती. आम्हाला सांगितलं होतं की मुदत संपली तरी नाव राखीव यादीत राहतं आणि देशाला गरज पडली तर परत बोलावतात. मामाला हे फार आवडलं होतं. "म्हणजे कलमां पण सांभाळायची नि विमान पण. असां काम शोधून सापडणार नाय," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. तिच्या अर्जावर 'रंग ओळखता येतात का' असा एक चौकोन होता. त्यात मी 'होय' लिहिलं. खोटं बोलतोय असं मनातही नव्हतं. रंग कुणाला ओळखता येत नाहीत?

तपासणी परगावी होती आणि चार-पाच दिवस चालली. छाती, कान, पाठीचा कणा, पायांची लांबी, सगळं झालं. डोळे चौथ्या दिवशी. मी त्या खोलीत जाताना इतका निर्धास्त होतो की बाहेरच्या बाकावर धीर सुटलेल्या मुलांना मीच समजावत होतो. आत डॉक्टर अधिकारी वयस्क होते, हिंदीत बोलायचे. लांबच्या तक्त्याची शेवटची ओळ मी एका दमात वाचली. त्यांनी मान वर केली आणि गाव विचारलं. रत्नागिरी म्हटल्यावर म्हणाले, "समुद्र बघून बघून डोळे असे झालेत वाटतं." मला वाटलं, संपलं. शाळेतल्या सरांना फोन करायचा, मग आईला.

मग त्यांनी एक जाडसर पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर एक गोल आणि त्यात बारीक-मोठे रंगीत ठिपके. ठिपक्यांत आकडा असेल तो सांगायचा. पहिल्या पानावर बारा होते. दुसऱ्यावर मी तीन सांगितले, पुढे कुठे सत्तर, कुठे पस्तीस. भराभर सांगत होतो. नंतर काही पानांवर आकडाच नव्हता. मुलांना फसवायला मुद्दाम कोरी पानं घातली असतील, असं समजून मी ठामपणे "काही नाही, सर" म्हणत गेलो. अशी पाच-सात पानं गेली. डॉक्टर नुसते लिहीत होते. मग एका पानावर आकडा एकदम स्वच्छ दिसला. मला इतकं बरं वाटलं की मी जरा मोठ्यानंच बोललो.

"पंचेचाळीस, सर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. पुस्तक तसंच उघडं धरून म्हणाले, "बेटा, या पानावर मला काहीच दिसत नाही. ज्यांना रंग नीट दिसतात त्यांना इथे काहीच दिसत नाही."

मला ते वाक्य कळलं नाही. त्यांनी ते पुन्हा सांगितलं. मग बाहेरच्या शिपायाला आत बोलावलं आणि पान दाखवलं. शिपाई म्हणाला, "ठिपके आहेत, साहेब." मी पानाकडे पाहिलं. पंचेचाळीस तिथे होते. मी बोट फिरवून ते काढून दाखवू शकलो असतो. विमानाच्या पोटावरच्या अक्षरांनंतर पुन्हा एकदा मला असं काही दिसत होतं जे दुसऱ्या कुणालाही दिसत नव्हतं, आणि या वेळी त्यामुळेच मी वैमानिक होऊ शकणार नव्हतो.

त्यांनी शांतपणे समजावलं. लाल आणि हिरवा यांतला फरक माझ्या डोळ्यांना नीट कळत नाही. जन्मापासून आहे, औषध नाही, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. मुलग्यांना हे आईकडून येतं. आईला स्वतःला त्रास नसतो, तिच्या वडिलांना किंवा भावाला असतो. "तुझ्या मामाला आहे का?" त्यांनी विचारलं. मी जोरात मान हलवून नाही म्हटलं. मामाला? आंबा पारखण्यात ज्याचा शब्द अख्खी वाडी मानते त्या मामाला?

कागदावर 'अपात्र' असा शिक्का बसला. दुसऱ्या मंडळाकडे फेरतपासणीसाठी अपील करायची सोय होती, तो कागदही दिला.

राहायच्या ठिकाणी माझ्या शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचा एक मुलगा होता. वजनामुळे तो तात्पुरता अपात्र ठरला होता. माझी सगळी कहाणी त्यानं वडापाव खात ऐकली.

"रडतोस कशाला लेका? ते पुस्तक सगळीकडं एकच असतंय. फोनवर चित्रं आहेत त्याची. अडतीस पानं. पाठ कर की."

"ती फसवणूक झाली."

"अपील तर भर आधी. फसवणूक-बिसवणूक काय ती मागनं बघू." मग उरलेला तुकडा माझ्यापुढे धरून म्हणाला, "धर. तुझं वजन बरं आहे."

मी घरी आलो तेव्हा आंब्याचा ऐन हंगाम होता. अढी भरलेली, पडवीत पेट्यांचा ढीग. आई आणि मामा दोघंही हातातलं काम सोडून समोर येऊन बसले. काय झालं ते मला नीट सांगताच येईना, म्हणून फोनवर ती चित्रं काढली आणि मध्ये धरली.

"यात काय दिसतं?" मी विचारलं.

"एकोणतीस," आई म्हणाली.

"सत्तर," मामा म्हणाला. त्याच क्षणी माझ्याही तोंडून सत्तरच निघालं.

आईनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "दोघांनी मिळून थट्टा लावलीय माझी."

"थट्टा कसली गो, सत्तर आहे तो. चष्मा बघ तुझा."

मी पुढचं चित्र काढलं. आई म्हणाली, इथे तर काहीच नाही. मामा फोनवर बोट आपटत म्हणाला, "अगो, पंचेचाळीस. एवढे मोठे! शाळेत गेली होतीस काय तू?" तो हसत होता. आईही हसायला लागली. मला मात्र हसू येईना. शिपायानं आत येऊन 'ठिपके आहेत' म्हटलं होतं त्याच्यापेक्षा हे वाईट होतं. तेव्हा मी एकटा होतो.

मी मामाला सांगितलं. एकदा सांगून त्याला पटेना. मग आईनं उठून पेटीतले दोन आंबे आणले आणि त्याच्यापुढे ठेवले. "यातला पिकलेला कुठला, सांग. नाक लावायचं नाही. हातात घ्यायचा नाही. नुसता बघून सांग."

मामा बघत राहिला. मीही बघत होतो. दोन्ही आंबे मला सारखेच दिसत होते, एक किंचित मळकट, बस. मामानं बराच वेळ घेतला आणि एकाकडे बोट केलं. आईनं दुसरा आंबा उचलून त्याच्या नाकाशी नेला.

मामा उठून अंगणात गेला. थोड्या वेळानं तिथूनच बोलला. "आबा पण असेच दार लोटून घ्यायचे. पेटीला हात लावायचे नाहीत. मला वाटायचां, केवढी त्यांची विद्या." मग म्हणाला, "म्हणजे एवढी वर्षां लोक मला हाताला धरून न्यायचे, तां कशाला?"

"आंबे तर बरोबरच निवडलेस ना तू?" आई म्हणाली.

दोन दिवस मामा अढीत गेला नाही. तिसऱ्या दिवशी गेला, पण दार उघडं ठेवून.

आईकडून येतं, हे मी आईला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही उरली नव्हती. तिचा भाऊ आणि तिचा मुलगा एकाच आवाजात सत्तर म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना ती पाठमोरीच म्हणाली, "माझ्या माहेरचंच ना हे?"

"कुणालाही होतं ते," मी म्हणालो.

"कुणालाही झालं असतं तर मामीलाही दिसले असते पंचेचाळीस. तिला नाही दिसले. विचारलं मी." तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. "तो साताऱ्याचा मुलगा काय म्हणाला होता, पाठ करायचं? आण तो फोन. मी घेते करून."

मी नको म्हणायला हवं होतं. हे लिहिताना हात अडखळतो, पण झालं ते झालं. मी आठवीपासून दुसरं काही मनात धरलंच नव्हतं. सर, वाडी, मामा, ती भाजी, तो धूर, सगळं एका पुस्तकापाशी येऊन अडलं होतं. आणि आईच्या चेहऱ्यावर असं काही होतं की, मी नको म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, मी तिला माफ केलेलं नाही.

मामाला शिकवायची फार हौस होती, पण त्याचा उपयोग नव्हता. त्याला माझ्यासारखंच दिसत होतं. तो फोन हातात घेऊन म्हणायचा, "हां, भाचेबुवा, सत्तर," आणि आई त्याच्या हातातून फोन काढून घ्यायची. शेवटी त्याला फेरे मोजायला बसवलं. एका बैठकीत दहा फेरे, दुपारी जेवणं झाल्यावर.

आई चौथी शिकलेली. पण तिची स्वतःची एक रीत होती. नुसता आकडा ती लक्षात ठेवत नसे, त्याला घरातलं काहीतरी बांधायची. बारा म्हणजे नारळाचं डझन. आठ म्हणजे गोकुळअष्टमी. सहा म्हणजे सटवी, बाळाच्या कपाळी लिहायला येते ती रात्र. एकोणतीस म्हणजे मामाचं लग्नातलं वय. सत्तावन्न म्हणजे परसातल्या पोफळी. पाच म्हणजे नागपंचमी. तीन म्हणजे चुलीचे दगड. अशी अडतीस पानं. "नारळ, अष्टमी, सटवी," ती सुरू करायची आणि मी पुढचे आकडे म्हणत जायचो. महिनाभरात मी झोपेतून उठूनही क्रम सांगू शकलो असतो. आईला वाटलं, आता काळजी नाही. मलाही तसंच वाटलं. पान बघायची गरजच नव्हती. पान उलटलं गेलं एवढं कळलं की झालं.

जून महिन्यात फेरतपासणीसाठी गेलो. तिथल्या डॉक्टर अधिकारी बाई होत्या, केस पिकलेले, चष्मा साखळीला लटकवलेला. फाइल बघून नागपूरकडच्या मराठीत म्हणाल्या, "बसा. प्रवास बराच लांबचा झाला तुमचा." दूरची नजर त्यांनीही तपासली, समाधानानं मान हलवली. मग तेच पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर उभं धरलं. पानांचे क्रमांक त्यांनी कागदाची पट्टी लावून झाकले होते.

"बारा, मॅडम." पान उलटलं. "आठ." पान. "सहा." पान. "एकोणतीस. सत्तावन्न. पाच."

त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, चष्म्याची काच पुसली आणि पुस्तक पुन्हा माझ्यापुढे धरलं.

"तीन," मी म्हणालो.

"नीट बघून सांगा."

"तीन आहे, मॅडम."

"या पानाबद्दल आणखी काही सांगायचंय?"

"नाही, मॅडम. अगदी स्पष्ट आहे."

"मी पुस्तक उलटं धरलंय," त्या म्हणाल्या.

मी पानाकडे पाहत राहिलो. त्यांनी सांगितल्यावरही मला ते उलटं दिसत नव्हतं. त्या पानावर मला इंग्रजी पाचासारखं काहीतरी दिसायचं, ते उलटं केलं तरी पाचासारखंच; सुलटा तीन कसा असतो तेच मला माहीत नव्हतं. ज्याला आकडा दिसतो तो कुणीही सगळ्यात आधी हेच म्हणाला असता, की पुस्तक उलटं आहे. आईला हे सुचलं नव्हतं आणि मला सुचणं शक्यच नव्हतं. फोन आम्ही कायम सरळच धरला होता.

"कुणी शिकवलं?"

"आईनं."

"शिक्षिका आहेत?"

"नाही. चौथी झाली आहे."

"आणि अडतीसच्या अडतीस पाठ?"

"हो."

त्या रागावतील म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. पण त्यांनी पुस्तक मिटलं आणि अगदी साध्या आवाजात बोलू लागल्या. "विमानातला रेडिओ कधीकधी बंद पडतो. मग खालून, टॉवरवरून दिवा दाखवतात. हिरवा असला तर उतरायचं. लाल असला तर उतरायचं नाही, घिरट्या घालत राहायचं, कारण धावपट्टीवर दुसरं कुणीतरी असतं." मग म्हणाल्या, "तो दिवा क्रमानं येत नाही हो."

इतक्या वर्षांत हे माझ्या मनात आलंच नव्हतं. डोळे कशासाठी तपासतात हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. सरांनी नाही, मामानं नाही, मी नाही. नजर म्हणजे लांबचं वाचणं, आणि ते आलं की विमान मिळतं, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या धावपट्टीवर कुणीतरी असतं, हे मला त्या खुर्चीत पहिल्यांदा दिसलं. तीन म्हणताना मला जराही भीती वाटली नव्हती, याचीच मला आता भीती वाटत होती.

"तुम्ही हे लिहाल ना, मॅडम? मी पाठ करून आलो होतो ते?"

"मी डोळ्यांची डॉक्टर आहे. डोळ्यांचं लिहिते," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, खाली मी सही केली. जाताना त्यांनी एवढंच विचारलं की पदवीत किती गुण होते. मी सांगितले. "मग शिकवा कुठेतरी," त्या म्हणाल्या. तेव्हा ते मला नुसतं समजूत घालणं वाटलं होतं.

बाहेर व्हरांड्यात येऊन मी आईला फोन लावला. पहिल्याच घंटेला तिनं उचलला. मागे मामाचा आवाज ऐकू येत होता, "काय झालां? विचार, काय झालां?"

"नाही जमलं, आई."

तिनं हळूच विचारलं, "कुठल्या पानावर चुकलास?"

"सातव्या."

"सातवं तर तुला पक्कं होतं. चुलीचे दगड. मी नीट करून घेतलं होतं." आपलंच शिकवणं कमी पडलं असं तिला वाटत होतं, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. बाईंनी पुस्तक उलटं कसं धरलं, मी काय बोललो, दिव्याचं, धावपट्टीचं, सगळं. ती ऐकत राहिली.

"हुशार आहे बाई," शेवटी ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि लबाडीचं काही लिहिलं का तिनं?"

"नाही लिहिलं."

"नाही?" तिनं मोठा श्वास सोडला. "मग तिला काहीतरी पाठवायला हवं. आमसुलं वाळलीत. फणसपोळीही झालीय. पत्ता घे तिचा."

"असं पाठवत नाहीत, आई. सरकारी काम आहे. लाच होते ती."

"आता कसली लाच?" आई म्हणाली. "तू नापास झालायस ना?"

तोवर कुणी हा शब्द उच्चारला नव्हता. कागदावर 'अपात्र' होतं, बाईंनी काहीच म्हटलं नव्हतं, मी 'नाही जमलं' म्हटलं होतं. पहिलीपासून पदवीपर्यंत मी एकदाही नापास झालो नव्हतो, त्यामुळे आईला तो शब्द माझ्याबद्दल कधी वापरावाच लागला नव्हता. आणि आता तिनं तो, फणसपोळी झालीय म्हणावं, इतक्या सहज म्हटला होता. मी भिंतीला टेकलो. मला एकदम हलकं वाटलं.

"पत्ता नाही माझ्याकडे," मी म्हणालो.

"मग माग जाऊन. अजून तिथेच आहेस ना?"

मी वळून त्या दाराकडे पाहिलं. पुढचा मुलगा आत गेला होता आणि दार लोटलेलं होतं. मी बाकावर बसलो, तो बाहेर येईपर्यंत.